इंजिन मोकळं करायला

नारायण पेठेतल्या त्या बोळातून शववाहिका बाहेर काढताना तात्याराव ओव्हाळांनी पाय ॲक्सिलरेटरवरून जवळजवळ उचललेलाच होता. मागून माणसं चालत होती. बोळाच्या तोंडापर्यंत चालायचं आणि पुढे आपापल्या गाड्यांनी वैकुंठ स्मशानभूमीत पोचायचं, असं ठरलं होतं. पण तोंडाशीच नवा गतिरोधक झाला होता. पुढचं चाक त्याला अडलं, इंजिन घुसमटलं, म्हणून तात्यारावांनी जरा रेस दिली. नळकांड्यातून काळ्या धुराचा असा लोट निघाला की आरशात मागचं कुणी दिसेना. मग इंजिनच बंद पडलं.

त्यांनी चावी फिरवली. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. पुन्हा फिरवली. धूर विरला तेव्हा आरशात नाकाला रुमाल लावून खोकणारी माणसं दिसली. पांढऱ्या साड्यांवर, झब्ब्यांवर काजळीचे ठिपके पडले होते. गेलेल्या गृहस्थांची मुलगी सुनीती, पन्नाशीच्या बाई, चालत खिडकीशी आल्या. आता ओरडणार, असं तात्यारावांना वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबांना धुराचा भारी तिटकारा," त्या शांतपणे म्हणाल्या. "शेजारी उदबत्ती लागली तरी आमची खिडकी बंद. आज मात्र पोटभर मिळाला."

"माफ करा ताई. आत्ता सुरू होईल."

"होऊ दे सावकाश. त्यांना आता कुठली घाई?"

चार भाचे-पुतणे मागून ढकलायला लागले तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. वैकुंठात पोचेपर्यंत तात्यारावांनी एकदाही आरशात बघितलं नाही.

ही गाडी विश्रांतवाडीच्या एका मंडळाची. विहारात जमणाऱ्या मंडळींनी आणि वस्तीतल्या नोकरदारांनी मिळून जुनी पिकअप घेतली, मागच्या हौद्यावर काचेची केबिन बांधून घेतली, आणि जो बोलावील त्याच्याकडे ती जाईल, असं ठरवलं. जात विचारायची नाही, पेठ विचारायची नाही. चालवायला माणूस मिळेना. तात्याराव तेव्हा भाजीचा टेम्पो चालवायचे. मीटिंगमध्ये मागच्या रांगेत बसले होते. कुणीच हात वर करेना तेव्हा ते म्हणाले, "कोणी सापडेपर्यंत मी चालवतो."

कोणी सापडलंच नाही. भाजीचा टेम्पो सुटला, डोक्याचे केस गेले, लेक पूर्वा लग्न होऊन नाशिकला गेली, आणि तात्याराव त्याच सीटवर बसून राहिले. फोन कधीही वाजायचा. जेवताना वाजायचा, नातवाच्या वाढदिवसाला वाजायचा. पलीकडचा माणूस आधी रडायचा, मग पत्ता सांगायचा, तो चुकीचा सांगायचा, आणि मग दुसरं कुणी तरी फोन हातात घेऊन नीट सांगायचं. तात्याराव ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "येतो." एवढंच. जास्त बोलण्याची त्यांना गरजही वाटत नसे आणि ताकदही.

कोविडच्या दिवसांत तर त्यांनी गाडी बंद केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. स्मशानभूमीसमोरच्या रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवून बसायचं, हातभर पुढे सरकायचं, पुन्हा थांबायचं. त्या दिवसांबद्दल ते बोलत नसत. बायकोने, हिराने, एकदाच विचारलं होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं होतं. तेव्हापासून घरात कामाचा विषय निघत नसे. हिरा महापालिकेच्या शाळेत मुलांचा भात-आमटी शिजवायची. ती तिचं बोलायची, ते ऐकायचे. गाडी विहाराच्या मागे उभी असायची, आणि हिरा इतक्या वर्षांत तिच्यात एकदाही बसली नव्हती.

वैकुंठातून रिकामी गाडी घेऊन तात्याराव थेट शनिवार पेठेत नदीच्या बाजूला असलेल्या श्याम दातारांच्या गॅरेजात गेले. दातारांच्या तीन पिढ्या पेठेत गेल्या होत्या आणि घरातले बाकी सगळे एक तर बँकेत नाही तर अमेरिकेत होते. श्याम दातार मात्र डिझेल इंजिनांत हात घालून म्हातारे झाले होते. गॅरेजच्या दारावर पाटी होती: 'गाडीला काय झालंय ते आम्ही सांगू. आपण फक्त कधी झालं ते सांगावे.'

"कधीपासून?" दातारांनी बॉनेट उघडत विचारलं.

"धूर वर्षभर आहे. सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते. चढावर दमते. आज बंद पडली."

"म्हणजे वर्षभर ती सांगतेय आणि तुम्ही आज ऐकलंत."

दातारांनी स्कॅनरची वायर डॅशबोर्डखाली जोडली, पडद्यावर आलेले आकडे चष्मा कपाळावर सरकवून वाचले, रेस द्यायला सांगितली, मागे जाऊन धुराकडे बघितलं आणि परत आले.

"रोज किती वेगाने चालवता?"

"चालवता कसली. माणसं चालत असतात ना बरोबर. पहिला नाही तर दुसरा गिअर."

"तिसरा आहे हे ठाऊक आहे ना?"

"घरी जाताना पडतो कधी कधी."

"दोन दिवस ठेवून जा."

दोन दिवस गाडी नाही, हे तात्यारावांनी मंडळाचा सेक्रेटरी अभय याला फोन करून सांगितलं. अभय आयटीत होता, भला मुलगा, पण नेहमी घाईत. "काका, दोन दिवस मीन्स दोनच ना? मी ग्रुपवर टाकतो," म्हणाला. घरी जायला तात्यारावांचे पाय निघेनात. गाडी नसताना दिवसाचं काय करायचं, हे त्यांना सुचेना. दातारांच्या हाताखालचा माणूस लग्नाला गावी गेला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच जुना शर्ट घालून गॅरेजात हजर झाले.

"बघायला आलात की काम करायला?"

"सांगाल ते करतो."

दातारांनी त्यांना स्टूल दिलं, तारेचा ब्रश दिला, डिझेलने अर्धी भरलेली बादली दिली. इंजिनात हवा नेणारा जाड पाइप आणि त्याला लागलेली झडप त्यांनी खोलून ठेवली होती. धुराचा थोडा भाग ही झडप पुन्हा इंजिनात सोडते. इंजिन जोरात फिरलं तर सगळं जळून जातं, रेंगाळत फिरलं तर काजळी तेलकट होऊन आतच बसते. तात्यारावांनी पाइपच्या तोंडात बोट घातलं. जिथून मूठ आत जायला हवी तिथे करंगळी अडकत होती. आत डांबरासारखा काळा थर जमला होता.

"एवढ्या भोकातून श्वास घेत होती?" ते म्हणाले.

"घेत नव्हती. म्हणून तर धूर. हवा कमी, डिझेल तेवढंच. अर्धवट जळणार, दुसरं काय होणार?"

सबंध सकाळ ते खरवडत बसले. थर स्क्रू ड्रायव्हरने निघायचा, ब्रशने निघायचा, शेवटचा पापुद्रा चिंधीनेच निघायचा. हात कोपरापर्यंत काळे झाले. फोन खिशात वाजत होता. काळ्या हातांनी दोन बोटांत धरून ते एकच वाक्य बोलत होते, "गाडी गॅरेजला आहे हो, दुसरीकडे विचारा." पहिल्यांदा हे म्हणताना त्यांना अपराधी वाटलं. तिसऱ्यांदा म्हणताना वाटेनासं झालं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

दातारांनी चारही इंजेक्टर काढून ओळखीच्या डिझेल-पंप दुरुस्तीवाल्याकडे तपासायला नेले. दुपारी परत आले ते त्यातल्या दोनांबद्दल वाईट बातमी घेऊन. इंजेक्टरने डिझेलचा धुक्यासारखा बारीक फवारा मारायचा असतो. हे दोन नुसते ठिबकत होते. नोझल बदलावे लागले. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोकडून येणारा रबरी पाइप खालून चिरला होता, चीर इतकी बारीक की वाकवल्याशिवाय दिसत नव्हती, तोही गेला. हवेचा फिल्टर तर दातारांनी तात्यारावांसमोर जमिनीवर आपटला आणि पडलेला ढिगारा बघून म्हणाले, "हा कुठल्या साली घातला होता, ते इतिहास संशोधकांना विचारू या."

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. नवा डिझेल फिल्टर बसवला, हातपंप दाबदाबून डिझेलच्या पाइपातली हवा काढली, प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला नंबर दातारांनी स्कॅनरमधून इंजिनच्या कॉम्प्युटरला भरवला. मग त्यांनी मान हलवली. तात्यारावांनी चावी फिरवली. इंजिन अर्ध्या फेरीत सुरू झालं. ते असं एका लयीत चालायला लागलं की तात्यारावांना क्षणभर वाटलं बंदच पडलं, म्हणून त्यांनी पुन्हा चावीकडे हात नेला.

"चालू आहे. हात काढा." दातार मागून ओरडले. धूर नव्हता, नुसती हवेची थरथर होती. हात पुसत ते पुढे आले. "आता ऐका. मी खरवडलं तेवढं निघालं. आत जे राहिलंय ते तुम्ही जाळायचं. हायवेला घेऊन जा. इंजिन चढू दे, चौथ्या गिअरला तास-दीड तास पळवा. आणि दर महिन्याला असंच करा. नाही तर वर्षभरात मला परत तुमचं तोंड बघावं लागेल."

"रिकामी शववाहिका घेऊन हायवेला जाऊ?"

"भरलेली घेऊन गेलात तरी माझी हरकत नाही. त्यांची असेल."

घरी आल्यावर तात्यारावांनी हे हिराला सांगितलं. का सांगितलं त्यांचं त्यांनाच कळलं नाही; बहुधा हात घासून घासून पांढरे होईनात आणि ती ते बघत होती, म्हणून. वाटलं, ऐकून ती विषय बदलेल.

"मग कधी जायचं?" तिने विचारलं.

"उद्या पहाटे. ट्रॅफिक लागायच्या आत."

"उद्या रविवार. शाळा नाही. मी येते."

"त्या गाडीत?"

"अहो, दुसरी कुठली आहे तुमच्याकडे?"

पहाटे ती भाकरी आणि मेथीची भाजी डब्यात घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली. बसताना एकदा मागच्या काचेतून रिकाम्या केबिनकडे बघितलं, पदर सारखा केला आणि पुढे बघायला लागली. कात्रजचा बोगदा मागे पडला. पुढे रस्ता मोकळा झाला तसा तात्यारावांनी तिसरा टाकला, मग चौथा. पाय दाबायचं त्यांना धाडसच होईना. इतकी वर्षं तो पाय उचलूनच धरला होता.

"दाबा की," हिरा म्हणाली. "गाडीच्या डॉक्टरने सांगितलंय ना."

त्यांनी दाबला. आधी मागून राखाडी धुराचा एक पट्टा गेला, मग कमी झाला, मग गेला. गाडी खुळखुळत, केबिनच्या काचा वाजवत पळायला लागली. तिने एका ट्रकला मागे टाकलं. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून बघितलं, घाईघाईने कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि मग एवढ्या जोरात कुठे चाललीय म्हणून बघतच राहिला. मोटरसायकलवर दोन पोरं होती. त्यांनी हात जोडले आणि लगेच रस्ता दिला. सगळेच रस्ता देत होते.

"कोणी हॉर्न मारत नाही," हिरा म्हणाली.

"या गाडीला कोणी मारत नाही."

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर माणसाने वाकून विचारलं, "बॉडी कुठे न्यायचीय?"

"बॉडी नाही. इंजिन मोकळं करतोय."

त्याने तात्यारावांकडे बघितलं, हिराच्या मांडीवरच्या डब्याकडे बघितलं आणि दांडा वर केला. पुढे गेल्यावर हिराला हसू आलं. तोंडावर पदर धरून ती हसली, थांबली, पुन्हा हसली. तात्याराव हसले नाहीत, पण त्यांच्या खांद्यांचा ताण जरा उतरला.

सारोळ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली तर टपरीवाला धावत आला. "काका, रागावू नका, पण जरा पुढे लावा ना. सकाळची बोहनी व्हायचीय." तात्यारावांना राग आला नाही. हे त्यांनी फार वेळा ऐकलं होतं. हिराचा चेहरा मात्र उतरला. "असं रोज म्हणतात?" तिने विचारलं. ते म्हणाले, "रोज नाही. रोज मी चहाला थांबत नाही." पुलाच्या बाजूला कडुलिंबाखाली त्यांनी गाडी घेतली. टपरीवाल्याने स्वतः तिथे चहा आणून दिला, पैसे घ्यायला कां-कूं केली. तात्यारावांनी ते त्याच्या खिशात कोंबले.

भाकरी खाऊन ते सीटवर मागे रेलले. पाचच मिनिटं, म्हणाले. बोलता बोलता डोळे मिटले आणि तोंड उघडं पडलं. हिराने नवऱ्याला घरी झोपलेलं रोजच बघितलं होतं, पण ती झोप एका कानाची असायची. ही तशी नव्हती. नीरा नदीच्या बाजूने वारा येत होता. डॅशबोर्डवर फोन थरथरला. तिने तो चटकन उचलला आणि दार उघडून खाली उतरली.

पलीकडे म्हातारी बाई होती. धानोरीची. "गाडीवाले आहेत का? माझे मिस्टर गेले हो. आत्ता चहा पीत होते."

'येतो' म्हणायचं हिराच्या हाती नव्हतं. "घरात कोण आहे तुमच्या?" तिने विचारलं.

"कोणी नाही. मुलगी बेंगळुरूला. तिने सांगितलं गाडीला फोन कर, म्हणून मी केला. आधी काय करायचं असतं तेच मला कळत नाही."

"आधी दार उघडा. मुख्य दार. शेजारी कोण राहतं? त्यांना हाक मारा. मी फोनवरच आहे."

बाई दारापर्यंत गेल्याचं ऐकू आलं, हाक मारल्याचं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही. हिरा रस्त्याच्या कडेला फोन कानाशी धरून उभी राहिली. शेजारची माणसं आली. कुणी तरी डॉक्टरला बोलवा म्हणालं. बाई पुन्हा फोनवर आल्या. त्यांचं नाव दुर्गाबाई. नवऱ्याने चहात साखर कमी आहे म्हटलं होतं आणि त्या साखर आणायला उठल्या होत्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. हिराने दोन्हीदा "हो ना" म्हटलं. मुलगी विमानाने संध्याकाळपर्यंत पोचेल, तोवर थांबायचं होतं. "संध्याकाळी गाडी येईल," हिरा म्हणाली. "आम्ही येतो."

तात्याराव जागे झाले तेव्हा ऊन डोळ्यांवर आलं होतं. तिने सांगितलं. ते चिडले. "मला उठवायचं ना! फोन कोणाचा आहे?"

"संध्याकाळचं आहे. मी बोलले सगळं."

"तुला काय माहीत काय बोलायचं असतं?"

"नव्हतंच माहीत." ती डबा धुवायला पाण्याची बाटली उघडत होती. "अहो, तुम्ही हे रोज ऐकता?"

खूप वर्षांनी तात्यारावांना कोणी तरी विचारलं होतं, आणि सांगण्यासारखं इतकं होतं की त्यातलं पहिलं कोणतं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी गाडी सुरू केली. खंबाटकीपर्यंत जाऊन वळायचं ठरलं होतं, तेवढं केलं. परतीच्या रस्त्यावर, शिरवळ मागे पडल्यावर, ते आपणहून बोलायला लागले. एका कुठल्याशा माणसाबद्दल बोलले, जो कोविडच्या रांगेत गाडीच्या मागच्या काचेला हात लावून सबंध दुपार उभा होता आणि बस म्हटलं तरी बसला नाही. मग दुसऱ्याबद्दल बोलले. रस्त्यावर नजर ठेवून, सपाट आवाजात, कात्रजच्या कोंडीत अडकेपर्यंत. हिरा ऐकत होती.

संध्याकाळी धानोरीला ती बरोबर गेली. दुर्गाबाईंनी तिला आवाजावरून ओळखलं आणि तिचा हात धरला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. तात्यारावांनी पहिला गिअर टाकला. इंजिनाची कुरकुर ऐकायची त्यांना इतकी सवय झाली होती की बिनधुराच्या त्या शांततेत मागच्या माणसांच्या चपलांचा आवाज येत होता, तो त्यांना नवा वाटला.

थकवा काही गेला नाही. एक दिवस हायवेला जाऊन जाण्यातला तो नव्हताच. फोन तसाच वाजतो. पत्ते तसेच चुकतात. दर महिन्याचा एक रविवार गाडी बंद ठेवावी आणि दुसरा एखादा चालक शोधावा, असं तात्यारावांनी अभयला सांगितलं. अभय म्हणाला, "काका, शंभर टक्के. पुढच्या मीटिंगमध्ये घेतो." ती मीटिंग अजून झालेली नाही. तात्याराव तिची वाट बघत थांबलेले नाहीत. महिन्यातल्या एका रविवारी ते फोन हिराच्या पिशवीत टाकतात आणि गाडी बाहेर काढतात. आलेला फोन ती घेते, दुसऱ्या मंडळाचा नंबर देते. कधी कधी बराच वेळ नुसतं ऐकते.

परवा तिने आळे फाट्याचा रस्ता सांगितला. तिकडे तिची मावशी असते, ऐंशीच्या घरातली, एकटी. पण मावशीच्या दारात ती गाडी नेणं शक्य नव्हतं. सगळं गाव गोळा झालं असतं आणि म्हातारीने हाय खाल्ली असती. म्हणून गावाबाहेर, उसाच्या कडेला गाडी उभी केली आणि दोघं चालत निघाले. ऊन होतं, रस्ता चढणीचा होता. तात्याराव मध्येच मैलाच्या दगडावर बसले. हिराही शेजारी बसली. दोघांचाही श्वास जागेवर येईपर्यंत कुणी उठायची घाई केली नाही.